सुराची पारख

पावसाळा सरतो, धानाची कापणी व मळणी उरकते, आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील रानांवर थंडी उतरू लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील पोंभुर्णा आणि त्याच्या आसपासची गावे या दिवसांत जरा विसावतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या वनप्रदेशाला लोक ‘झाडीपट्टी’ म्हणतात. दिवाळीपासून होळीपर्यंत येथे गावोगावी मंडप उभे राहतात आणि रात्र रात्रभर नाटके चालतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या नाटकमंडळ्यांचे मोठे केंद्र होय. कांबळी-घोंगड्या पांघरून बसलेली माणसे पहाटेपर्यंत हलत नाहीत, इतकी या नाटकांची गोडी येथील लोकांना आहे.

मुलांनो, अशा नाटकाला तुम्ही गेला असाल, तर पडदा उघडण्यापूर्वी ‘ठक्‌ ठक्‌’ असा एक आवाज तुमच्या कानांवर आला असेल. मंडप ठोकणाऱ्या सुताराचा तो आवाज नव्हे. तो असतो तबलजीच्या लहानशा हातोडीचा. गायकाचा जो सूर, त्याच सुरात तबला बोलावा म्हणून तबलजी तो लावीत असतो. पेटीवर एक पट्टी दाबावी, तिचा सूर ऐकावा, हातोडीने ठोकावे, पुन्हा ऐकावे, असा त्याचा क्रम चालतो. पाहणाऱ्याला वाटते, यात अवघड ते काय? सूर कमी वाटला तर ठोकावे, आणि जास्त कमी वाटला तर जास्त जोराने ठोकावे! अशाच एका मुलाची ही गोष्ट आहे.

पोंभुर्ण्याच्या मंडपात त्या रात्री नाटक होते. मंडळीचे वृद्ध तबलजी आपल्या बारा वर्षांच्या भाच्याला बरोबर घेऊन आले होते. मुलाचा हात तबल्यावर बरा बसला होता आणि मामांना त्याचे कौतुकही होते. पहिली घंटा होण्यास थोडा अवकाश होता. इतक्यात गायक नटाने मामांना रंगपटात बोलावले. जाता जाता मामा म्हणाले, “बाबू, दव पडू लागले आहे. तबला उतरला असेल. मी येईपर्यंत तो काळी एकला लावून ठेव.”

मामांचे म्हणणे खरेच होते. तबल्याच्या तोंडावर चामड्याची पुडी असते. चामडे हवेतील ओल शोषून घेते आणि सैल पडते. ताण कमी झाला की सूर उतरतो. उन्हात किंवा शेकोटीजवळ तेच चामडे आवळते आणि सूर चढतो. धानाच्या शेतांनी वेढलेल्या गावात हिवाळ्याच्या रात्री दव भरपूर पडते. तेथे संध्याकाळी लावलेला तबला रात्री तसाच राहील, याची खात्री कोणी द्यावी?

मुलाने पेटीवर काळी एक धरली आणि हातोडी उचलली. पुडीच्या कडेने चामड्याचा विणलेला गजरा असतो. त्यावर वरून ठोकले की पुडी ताणली जाते, हे त्याला ठाऊक होते. त्याने गजऱ्यावर एका बाजूने आरंभ केला आणि ठोकत ठोकत फेरी पुरी केली. दोन-चार ठोके तर त्याने चांगलेच जोराचे मारले. सूर भराभर चढला आणि पेटीच्या सुरात मिळाल्यासारखा वाटला. घटकाभर लागणारे काम क्षणात झाले, म्हणून स्वारी खूश झाली.

मामा परत आले. त्यांनी काही न बोलता तबला पुढे ओढला आणि भर मैफलीत वाजवावे तशा पूर्ण जोराने आठ-दहा थापा मारल्या. मग पुन्हा पेटीचा सूर धरला. तबला स्पष्ट उतरला होता!

मुलाचा चेहरा पडला. “आता तर मिळाला होता, मामा!” असे म्हणून त्याने घाईघाईने हातोडी उचलली आणि पहिल्यापेक्षाही जोराने गजऱ्यावर मारण्यासाठी हात उगारला. मामांनी त्याचे मनगट वरच्या वर धरले.

“थांब. पुडी आधीच एका अंगाला ओढली गेली आहे. त्याच अंगाला असा घाव बसला, तर ती फाटेल. आपल्यापाशी दुसरा तबला नाही. पुडी बदलून देणारा कारागीर या रानात रात्री कोठून आणशील? साऱ्या गावाने वर्षभर ज्या रात्रीची वाट पाहिली, ती रात्र तुझ्या एका घावाने वाया जाईल.”

इतक्यात पहिली घंटा झाली. व्यवस्थापक घाईने आत डोकावले आणि म्हणाले, “तबलजी, लोक खोळंबले आहेत. चालेल तसे चालवून घ्या.” मामा शांतपणे उत्तरले, “भाऊ, दहा मिनिटे द्या. आता चालवून घेतले, तर रात्रभर चालवून घ्यावे लागेल.”

मग त्यांनी भाच्याला जवळ बसविले. “तबल्याच्या काठाची सोळा घरे आम्ही मानतो,” ते म्हणाले. “प्रत्येक घरात सूर सारखा आला पाहिजे. तू नुसते सगळ्यांचे मिळून काय होते ते ऐकलेस. आता एकेक घर ऐक.” त्यांनी काठावर एका ठिकाणी बोटाने हलकेच वाजविले, मग बरोबर समोरच्या ठिकाणी. एक सूर उंच होता, दुसरा चांगलाच उतरलेला. मुलाला आता तो फरक उघड ऐकू आला आणि इतका वेळ तो आपल्या कानांतून कसा निसटला, याचे त्याला नवल वाटले.

तबल्याची रचना थोडी समजून घेतली, म्हणजे मामांनी पुढे काय केले ते आपल्याला कळेल. पुडीच्या गजऱ्यातून चामड्याची एक लांब वादी ओवलेली असते. ती तबल्याच्या अंगावरून खाली जाते, तळाच्या कड्यातून वळते आणि पुन्हा वर येते. अशा अनेक फेऱ्या घेऊन ती साऱ्या पुडीला ताणून धरते. वादी व तबल्याचे अंग यांच्यामध्ये लाकडाचे गोल गट्टे बसविलेले असतात. सामान्यतः ते आठ असतात. गट्टा खाली ठोकला की वादी ताणली जाऊन सूर बराच चढतो, आणि वर ठोकला की उतरतो. गजऱ्यावर वरून ठोकले तर सूर थोडा चढतो, आणि खालून वर ठोकले तर थोडा उतरतो. म्हणजे मोठा फरक भरून काढायचा तो गट्ट्याने, आणि बारीक फरक मिळवायचा तो गजऱ्याने.

मामांनी प्रथम उतरलेल्या बाजूचा गट्टा नेमक्या, ठाम ठोक्याने थोडा खाली बसविला. येथे ते मुळीच कचरले नाहीत. घट्ट बसलेला गट्टा हळुवार टिचक्यांनी हलत नाही. त्यानंतर मात्र त्यांचा हात अगदी हलका झाला. त्यांनी गजऱ्यावर एका घरात हलका ठोका दिला, लगेच समोरच्या घरात दिला, मग आडव्या बाजूंच्या दोन घरांत दिला. प्रत्येक ठोक्यानंतर ते थांबत आणि ऐकत. चढलेल्या घरात त्यांनी गजरा खालून किंचित वर ठोकला. दहा मिनिटे पुरी होण्यापूर्वीच सोळाही घरे एका सुरात बोलू लागली.

“झाले?” मुलाने विचारले.

“अजून नाही,” मामा म्हणाले. “सूर लागला. टिकतो का ते पाहू.” आणि त्यांनी पुन्हा पूर्ण जोराने थापा मारल्या. एक घर किंचित उतरले. तेवढेच त्यांनी हलक्या ठोक्याने सावरले आणि पुन्हा थापा मारल्या. आता तबला हलला नाही. “बाबू, जोराने सूर लावायचा नसतो. जोराने तो पारखायचा असतो,” एवढेच ते बोलले. दुसरी घंटा झाली आणि पडदा उघडला. मध्यरात्री दव वाढल्यावर मामांनी तबला एकदा अगदी थोडा चढविला, परंतु नाटक कोठेही अडले नाही.

मुलाच्या जोरदार ठोक्यांनी लागलेला सूर का टिकला नाही, याचे कारण घर्षणात आहे. वादी गजऱ्यातून, तळाच्या कड्यातून आणि गट्ट्यांवरून घासत जाते. एका जागी मोठा घाव बसला की तेथील भाग एकदम ताणला जातो. पण घर्षणामुळे तो ताण शेजारच्या भागांत लगेच पोहोचत नाही. पुढे जोराने वाजविताना पुडीला हादरे बसतात, अडकलेली वादी थोडी थोडी सरकते आणि ताण वाटला जातो. तेव्हा आधी लागलेला सूर हलतो. थोडा थोडा आणि समोरासमोर ठोका दिला, तर ताण प्रथमपासूनच सगळीकडे सारखा राहतो. मग हादऱ्याने सरकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

तबल्याला सूर लावावा तरी का लागतो? पुष्कळशा ढोलांना नेमका असा सूर नसतो. त्यांच्या आवाजात अनेक बेसूर नाद मिसळलेले असतात. तबला आणि मृदंग यांच्या पुडीवर मात्र शाईचा काळा थर बसविलेला असतो. या थरामुळे त्यांच्यातून निघणारे नाद एकमेकांशी जुळून येतात आणि वाद्य सुरात बोलते. थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या वाद्यांच्या या गुणाकडे १९२० साली जगाचे लक्ष वेधले. जे वाद्य सुरात बोलू शकते, त्याचा सूर बिघडला की तो लगेच ऐकूही येतो!

जी गोष्ट चामड्याची, तीच तारेची. तारेचे उदाहरण पाहण्यासाठी आपण झाडीपट्टी सोडून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सांगली जिल्ह्यातील मिरजेला जाऊ. तंबोरे व सतारी यांसाठी मिरज साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. त्यांच्या वंशजांनी ती कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याला चार तारा असतात. मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जाच्या, शेवटची खर्जाची, आणि पहिली बहुधा पंचमाची. प्रत्येक तार एका लाकडी खुंटीला गुंडाळलेली असते. खुंटी पिळली की तार ताणली जाते. तारेचा एक नियम मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितला आहे. तार वरच्या सप्तकातील त्याच सुराला न्यायची असेल, तर तिचा ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. सूर थोडा चढविण्यासाठी ताण किती भराभर वाढतो, हे यावरून ध्यानात येईल. खुंटीला हिसका देणाऱ्याच्या हातात सूर येण्याऐवजी तुटलेली तार येते, ती यामुळेच.

थंडीत चामडे ओल पिऊन सैल होते. पोलादी तार मात्र थंडीने आक्रसते, तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. म्हणजे एकाच रात्री एकाच मंडपात एक वाद्य उतरते आणि दुसरे चढते! अशा वेळी कोणत्या वाद्याला काय हवे, हे कानाने ओळखल्यावाचून हात लावणे व्यर्थ होय.

जाणता वादक खुंटी किंचित आत दाबीत, अगदी थोडी थोडी फिरवितो. नुसती फिरविली तर ती सैल पडून मागे सरकते. फार दाबली तर घट्ट रुतून बसते. तार दांडीच्या टोकाशी असलेल्या पट्टीच्या खाचेतून आणि खाली घोडीवरून जाते. तेथेही घर्षण आहेच. म्हणून सूर जवळ आला की वादक तार बोटाने हलकेच ओढून सोडतो. खाचेत अडकलेला ताण त्यामुळे मोकळा होतो. सूर उतरला तर तो पुन्हा खुंटीकडे वळतो. शेवटचा केसभर फरक घालविण्यासाठी तो खुंटीला हातही लावीत नाही. घोडीच्या खालच्या बाजूस तारेत ओवलेला एक लहानसा मणी असतो. तो किंचित सरकविला की काम होते.

आता याहून कितीतरी अवजड असे एक वाद्य पाहू. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास पियानो तयार केला. त्याचे पुरे नाव ‘पियानोफोर्टे’. इटालियन भाषेत ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्टे’ म्हणजे जोराने. बोट हळू दाबले तर स्वर हळू, जोराने दाबले तर मोठा, म्हणून हे नाव. हळू आणि जोराने या दोन शब्दांचा झगडा या वाद्याच्या सूर लावण्यातही चालू असतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. एकेका तारेवर प्रौढ माणसाच्या वजनाइतका ताण असतो, आणि साऱ्या तारांचा मिळून ताण १८ ते २० टन भरतो. तो पेलण्यासाठी आत ओतीव लोखंडाची भक्कम चौकट बसवावी लागते. प्रत्येक तारेचे एक टोक पोलादी खुंटीला गुंडाळलेले असते आणि ती खुंटी कठीण लाकडाच्या जाड फळीत घट्ट रुतलेली असते. सूर लावणारा कारागीर लांब दांड्याच्या किल्लीने ती फिरवितो.

येथे एक अडचण येते. खुंटीचे बूड लाकडाने घट्ट धरून ठेवलेले असते. किल्ली फिरविली की खुंटीचा वरचा भाग आधी वळतो आणि बूड मागे राहते. ओले फडके पिळावे तशी ती खुंटी किंचित पिळली जाते. कारागिराला सूर मिळालेला ऐकू येतो. पण किल्ली काढताच खुंटी आपला पीळ सोडते आणि सूर ढळतो. शिवाय तारही अनेक टेकूंवरून घासत जाते, हे वेगळेच.

यावर कारागिरांत दोन रीती आहेत. काही जण सूर लावताना पट्टीवर वारंवार जोराचे आघात करतात. तार हादरून टेकूंवरून सरकावी आणि ताण सगळीकडे सारखा व्हावा, हा त्यांचा हेतू असतो. दुसरे म्हणतात, आघातांवर भिस्त ठेवू नये. किल्लीच्या अतिशय बारीक हालचालींनी खुंटीलाच विसाव्याच्या स्थितीत आणावे. ते सूर किंचित वर नेतात आणि मग किल्ली हळूच मागे घेत खुंटीचा पीळ उतरवितात. दिवसभर जोराने पट्ट्या ठोकल्या तर बोटे व मनगटे दुखावतात, कानांना थकवा येतो आणि प्रसंगी जुनी तार तुटते, असेही ते सांगतात.

दोहोंच्या म्हणण्यात तथ्य आहे. वाजविणारा जेव्हा तन्मय होऊन वाजवील, तेव्हा तो काही हळूच वाजविणार नाही. म्हणून शेवटी एक-दोन भरदार आघात करून पाहणे आवश्यक असते. परंतु खुंटीत पीळ राहून गेला असेल, तर कितीही ठोकले तरी तो सूर टिकणार नाही. आघात दोष दाखवितो. तो दूर करण्यास पुन्हा किल्लीच हलक्या हाताने धरावी लागते.

पोंभुर्ण्याच्या मंडपातील तबलजींनी कदाचित पियानो कधी पाहिलाही नसेल. तरी त्यांची रीत आणि पियानोच्या कुशल कारागिराची रीत यांत किती साम्य आहे पाहा! दोघेही जेथे वस्तू घट्ट बसली असेल तेथे पुरेसा जोर लावतात. सूर जवळ येताच दोघेही हात हलका करतात. दोघेही ताण सगळीकडे सारखा वाटला गेला की नाही, हे आधी पाहतात. आणि शेवटी दोघेही जोराने वाजवून आपलेच काम पारखतात.

मुलांनो, त्या रात्री नाटक संपले तेव्हा पूर्वेला उजाडत होते. माणसे घोंगड्या सावरीत घरोघर निघाली होती. कोणी नायकाची स्तुती करीत होते, कोणी गाण्यांची. तबल्याविषयी कोणीच बोलले नाही. मुलगा तबल्यावर गवसणी घालीत होता. त्याने सहज काठावर बोट मारून पाहिले, मग समोरच्या घरात. दोन्ही घरे अजून एकाच सुरात बोलत होती. त्याने मामांकडे पाहिले. मामा नुसते हसले आणि हातोडी त्याच्या हातात देऊन म्हणाले, “उद्याच्या गावी तू लाव. मी ऐकेन.”

शब्दार्थ

रंगपट – नटांची वेषभूषा करण्याची जागा. पुडी – तबल्याच्या तोंडावरील चामड्याचे आवरण. गजरा – पुडीच्या कडेला असलेले चामड्याचे विणलेले कडे. वादी – चामड्याची अरुंद, लांब पट्टी. घर्षण – एक वस्तू दुसरीवर घासल्याने होणारा अडथळा. आक्रसणे – आखडून लहान होणे. भिस्त – भरवसा. गवसणी – वाद्यावर घालण्याची कापडी पिशवी.

स्वाध्याय

१. हिवाळ्याच्या रात्री तबल्याचा सूर का उतरतो आणि तारेचा सूर का चढतो?
२. मुलाने लावलेला सूर थापा मारताच का उतरला? घर्षण हा शब्द योजून सांगा.
३. गट्टा आणि गजरा यांचे उपयोग कसे वेगळे आहेत?
४. पियानोची किल्ली काढल्यावर सूर कशामुळे ढळतो? धड्यातील उपमा सांगून स्पष्ट करा.
५. “आता चालवून घेतले, तर रात्रभर चालवून घ्यावे लागेल,” असे मामा का म्हणाले? तुमच्या अनुभवातील असा एक प्रसंग पाच-सहा ओळींत लिहा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : चेहरा पडणे, हात हलका होणे, भिस्त ठेवणे, वाया जाणे.
७. तुमच्या गावातील भजनी मंडळात किंवा नाटकात जाऊन एखादे वाद्य सुरात कसे लावतात ते पाहा. आरंभापासून शेवटपर्यंतचा क्रम वर्गात सांगा.